थोरलीची निळाई

फोर्ट कॉलिन्स,
३ जून

ती. ऑर्विलमामास,
सा. न. वि. वि.

१. आपल्या रोपवाटिकेतल्या थोरलीच्या, म्हणजे ज्या निळ्या स्प्रूसच्या काड्यांपासून आपली सगळी कलमं होतात त्या झाडाच्या, खालच्या फांद्या हिरव्या पडल्या आहेत.
२. रोग नाही. फांदी मी प्रयोगशाळेत तपासली. सुयांसारख्या पानांवरचा मेणाचा थर गेला आहे आणि तेलाचा वास येतो.
३. किडीवरचं तेल निळ्या स्प्रूसवर मारलं की निळाई जाते, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.
४. गेल्या रविवारी तुम्ही तिथे होता.

शुक्रवारी, २१ तारखेला गिऱ्हाईक येतंय. त्यांना रोपवाटिका हवी आहे ती थोरलीच्या रंगासाठी. विक्रीला तुमचा पहिल्यापासून विरोध. म्हणून सरळ विचारते, तेल तुम्ही मारलंत का? आई आता थकली आहे. तिला माझ्याकडे आणायचं ठरलंय. त्यात विघ्न नको.

आपली,
थिया

सलायडा,
६ जून

चि. थियास,
अनेक आशीर्वाद.

झाडाचा पंचनामा केलास, मामाचाही केलास. माझा गुडघा कसा आहे, एवढं विचारायचं तेवढं राहिलं. बरा आहे.

विक्री नको, हे मी तुझ्या आईच्या, मार्ताच्या, आणि तुझ्या तोंडावर सांगितलं होतं. चोरून करायचं असतं तर शिडी लावून शेंड्यापर्यंत फवारलं असतं. अर्धवट काम माझ्या हातून होत नाही. हिरवा पट्टा कुठवर आहे, ते जाऊन मोज. मी कुणाचं नाव घेणार नाही.

संशय घेतलास तरी माया आहेच.

तुझा मामा,
ऑर्विल

फोर्ट कॉलिन्स,
९ जून

ती. आईस,
शि. सा. न.

आज सकाळी तू चर्चला गेलेली असताना मी येऊन गेले. थोरलीचा हिरवा पट्टा तुझ्या खांद्याच्या उंचीला सरळ रेषेत संपतो. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर तुझा हात त्याच्या वर जात नाही. फवारणीचा पंप धुऊन पालथा घातलेला होता. तसा तूच ठेवतेस.

मामांची माफी मागणारं पत्र याच टपालाने टाकते आहे.

सही करायला तू तयार झालीस. जायचं नाही, असं एकदाही म्हणाली नाहीस. ते थोरलीकडून वदवून घेतलंस. तिची काळजी करू नकोस, नव्या पालवीला निळाई येईल. गिऱ्हाइकाला हे मी सांगितलेलं नाही. पाणी बुंध्याशी नको, फांद्यांच्या कडेखाली घाल.

रोपवाटिका विकायची की नाही, हे तुझ्या हाताने लिहून पाठव. सोमवार, १७ जूनपर्यंत उत्तर मिळावं.

तुझी,
थिया