ते घरीच आहेत

९ सप्टेंबर, मंगळवार

पाऊस थांबून थांबून. सुपारीला यंदा गळ फार. झाडाखालची हिरवी बारकी फळं वेचता वेचता कंबर धरली. वाडी दोघांची होती, वाकायचं आता एकटीने.

उरणहून सुप्रियाचा फोन. रोजचंच. "आई, घरात बसून राहू नकोस, कुठंतरी जाऊन ये." लेक काळजीने बोलते, पण ऐकूनसुद्धा दमायला होतं. तिनेच नंबर पाठवला. मंदार म्हणून इथलाच मुलगा, एक दिवसाच्या सहली काढतो, माहितीही स्वतःच सांगतो. रविवारी मुरुड, वरचा धबधबा, चौल, रेवदंडा. लावला फोन, सु.चं समाधान व्हावं म्हणून.

"किती सीट, काकू?"

"दोन."

तोंडातून गेलं. कुठंही जायचं तर दोनच, दुसरा आकडा तोंडाला माहीतच नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. परत लावायला हवा होता.

नाही लावला.

१३ सप्टेंबर, शनिवार

समोरच्या वहिनी कुंपणावरून, "पितृपंधरवड्यात कोण फिरायला जातं हो?"

म्हटलं, मंदार नेतो.

ह्यांचा म्हाळ गुरुवारी, द्वादशीला. गेल्यानंतरचा हा पहिलाच. सु. म्हणते, मी इकडे शिधा देते, तू दगदग करू नकोस. बघू. पान तरी ठेवीनच.

चौलचं पुस्तक काढून बसले. हे एस्टीत कंडक्टर. प्रवासी सीटवर पुस्तकं विसरून जायचे, ती डेपोत पडून राहायची. वर्ष-वर्ष कोणी मागायला आलं नाही, की साहेबांना विचारून हे घरी आणायचे. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण लोकांच्या विसरभोळेपणावर. पोथ्या, पाककृती, रहस्यकथा, इतिहास, जे मिळेल ते वाचलं. चौलच्या ह्या पुस्तकाला शेवटची पानं नाहीत. एवढं मोठं बंदर, त्याचं शेवटी काय झालं ते मला अजून ठाऊक नाही.

उद्या पहाटे निघायचं. आत्ताच कंटाळा आलाय.

१५ सप्टेंबर, सोमवार

काल लिहायचं त्राण नव्हतं. आजही पोटऱ्या भरलेल्या आहेत. तरी लिहिते.

छोटी बस. खिडकीशी मी, शेजारची सीट रिकामी. पिशवीसुद्धा तिच्यावर ठेवली नाही, पायाशी घेतली. बोर्लीला एक बाई हात करून उभी. नाव नोंदवलेलं नव्हतं, पण यायचंच म्हणून. बसमध्ये दुसरी जागा नाही. मंदार माझ्याकडे आला.

"काकू, काका नाही आले?"

"नाही. घरीच आहेत."

खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही. कोणी विचारलं की हेच उत्तर द्यायची सवय. आणि भिंतीवर का होईना, घरीच आहेत.

"मग ही सीट देऊ ह्यांना?"

"द्या."

बाई बसली. नसीमा. बोर्लीची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. नवरा कुवेतला. बसल्या बसल्या डबा उघडला, खजूर पुढे केला आणि विचारलं, "तबियत बरी न्हाय काय भाऊजींची?"

तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "गुडघे."

गुडघे खरे होते. जन्म उभ्याने काढलेला माणूस.

दिघीला बस फेरीबोटीवर चढली. खाडी ओलांडेपर्यंत नसीमाने तिच्या नवऱ्याचं सगळं सांगून टाकलं. "व्हिडिओवर येतो नि मला म्हणतो, कालवणात पाणी जास्त झालंय. आता कुवेतातून ह्याला काय दिसतं पाणी? मी मोबाइलच धरला पातेल्यावर. म्हटलं, घे, ढवळ."

मी हसले. मग माझंही सुरू झालं. खिशात सुपारीचे तुकडे ठेवतात, धुताना सगळ्या कपड्यांना डाग. चहात साखर नको म्हणून सांगितलंय, तर मी मोरीत गेले की डबा उघडतात, आणि झाकण नीट लावत नाहीत, म्हणून कळतं. झोपेत बोलतात.

"काय बोलतात?"

"पुढे सरका, पुढे सरका."

नसीमा इतकी हसली की पुढच्या सीटवरचे वळून बघायला लागले. "आणि तुम्ही?"

"मी सरकते. भिंतीपर्यंत."

गेल्या वर्षीच्या पावसापासून मला कोणी त्यांच्याबद्दल कुरकुर करू दिलेली नाही. भेटायला येणारं माणूस म्हणतं, देवमाणूस होता. मी मान हलवते. देवमाणूस नव्हते. हट्टी होते, ओला टॉवेल गादीवर टाकायचे. तो टॉवेल बोलायला मला माणूस नव्हतं.

मुरुडला जंजिरा किनाऱ्यावरूनच बघितला. समुद्र खवळलेला, होड्या अजून बंद. मंदारने माइकवर सगळा इतिहास म्हटला. नंतर वर धबधब्याला. पायवाट निसरडी, दोनदा बसले. नसीमाचं माहेर मुरुडचं आणि धबधबा आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. "पोरींना कोण नेतंय वर? भाऊ जायचे नि ओले होऊन यायचे. आम्ही त्यांचे कपडे वाळत घालायचो." आता स्वतः सलवार गुडघ्यापर्यंत ओढून पाण्यात शिरली. मी दगडावर बसून राहिले. पाण्याचा आवाज एवढा की तिथून ओरडून बोलायची.

"भाऊजी घोरतात काय?"

"घोरतात!"

"काय?"

"घोर-ता-त!"

बाकीची माणसं बघत होती. माझा आवाज एवढा मोठा निघतो हे मलाच माहीत नव्हतं.

जेवण मुरुडलाच, मग चौल, रेवदंडा. चौलला बघायला दोन तळी, देवळं आणि नारळीच्या बागा. मंदार म्हणाला, इथं जहाजं लागत होती, पेठ होती, परदेशी व्यापारी येत होते. रेवदंड्याला पोर्तुगिजांची भिंत. इथं चर्च होतं, इथं दरवाजा होता. दिवसभर माइकवर होतं, होतं, होतं. आणि माझ्या तोंडात आहेत, करतात, म्हणतात. एका बसमध्ये दोन काळ. मान इतकी दुखत होती की भिंत वरपर्यंत बघितलीच नाही.

परतताना नसीमा झोपली, डोकं माझ्या खांद्यावर. मी हलले नाही. बोर्लीला उतरताना नंबर घेतला. "भाऊजींना सलाम सांगा."

घरी आल्यावर दिवा लावला. सलाम सांगितला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

नसीमाचा फोन. तिच्या नवऱ्याचा दोस्त सुट्टीवर आलाय, त्याच्याबरोबर कसलंसं तेल मागवलेलं ते पोचलं. गुडघ्यांना एकदम चांगलं. "गुरुवारी श्रीवर्धनला बँकेत काम हाय. येते घेऊन. भाऊजींची भेट पण होईल."

गुरुवार.

"या," म्हटलं. दुसरं काय म्हणणार? येऊ नका असं आमच्याकडे कोणाला म्हणत नाहीत.

शुक्रवारी या म्हणायला हवं होतं का? पण शुक्रवारी तरी ह्यांना कुठून आणू.

१७ सप्टेंबर, बुधवार

वड्यांचा भरडा दळून आणला. गवार, लाल भोपळा, कारली. अळू वाडीतलंच.

फोटो पुसायला उतरवला. चंदनाचा हार काढला, झटकला, टेबलावर ठेवला. नुसता फोटो परत टांगला. युनिफॉर्ममधला आहे, निवृत्तीच्या दिवशीचा. हार नसला की कुठल्याही घरातला फोटो वाटतो. माणूस बाजारात गेलेला असेल, येईल. बाजारात गेलेत म्हणून सांगता येईल. बाई तासभर बसेल, चहा घेईल, तेल देईल, जाईल. पुढच्या वेळी सु.कडे गेलेत. त्याच्या पुढच्या वेळी झोपलेत.

असं किती वेळ चालेल? पण चाललं तर मला बोलायला मिळेल. टॉवेल, साखर, सगळं. सांगितलं तर तीही म्हणेल, देवमाणूस होता. तिने तर त्यांना बघितलेलंसुद्धा नाही.

दुपारचा चहा होईपर्यंत फोटो तसाच ठेवला. मग हार परत घातला. त्यांच्याच म्हाळाच्या आदल्या दिवशी, त्यांच्याशी असं

पुढं लिहवत नाही. डोकं जड.

१८ सप्टेंबर, गुरुवार

झालं ते जसं झालं तसं लिहिते.

सकाळपासून स्वयंपाक. वडे, खीर, भाज्या, अळूवडी, आमसुलाची चटणी. ह्यांना खीर पातळ आवडायची नाही, तरी आज दूध जास्त पडलं आणि पातळच झाली. केळीचं पान वाढून मागच्या दारी विहिरीच्या कट्ट्यावर ठेवलं. कावळा आंब्यावर बसलेला, खाली येईना. मी पायरीवर बसून राहिले. मनात ठरवलेलं, पान होऊन जाईल, मागचं आवरीन, मग नसीमा पुढच्या दाराने येईल.

ती आली मागूनच. रिक्षावाल्याने वाडीच्या बाजूला सोडलं. "ताई, भाऊजी कुठं हायत? हाक मारा त्यांना," असं म्हणत झाडांमधून आली, हातात कागदात गुंडाळलेली बाटली. कट्ट्यावरचं पान बघितलं आणि थांबली. तिच्या माहेरी शेजार ब्राह्मणांचा होता, हे बसमध्ये तिनेच सांगितलेलं. पान कसलं ते तिला विचारावं लागलं नाही. आवाज एकदम हळू केला.

"म्हाळ आज? कोणाचा?"

सासऱ्यांचा म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही.

"ह्यांचा."

मी सांगितलं, गेल्या वर्षी, पावसात, झोपेतच. सकाळी चहा घेऊन गेले तर. एवढंच.

"पण त्या दिवशी तर तुम्ही..."

"त्या दिवशी होते."

विचार करून सांगितलं असतं तरी बहुतेक हेच.

नसीमा पायरीवर बसली, माझ्यापासून जरा लांब. बराच वेळ बाटलीचा कागद नीट करत होती. मग म्हणाली, "मी रविवारपासून दर नमाजला त्यांच्या गुडघ्यांसाठी दुवा मागतेय."

मी पायरीवरची माती झटकली.

"गेलेल्या माणसाच्या गुडघ्यांसाठी. अल्ला काय म्हणत असेल मला?"

मला हसू आलं आणि तिला नाही आलं. ते वाईट झालं. हसायची वेळ नव्हती. माफी मागितली. ती "ऱ्हाऊ दे" म्हणाली, रागात नाही, पण बसमधल्यासारखंही नाही. मी जेवून जा म्हटलं. नको म्हणाली, बँक बंद होईल. पाणी घेतलं. उठताना विचारलं, "झोपेत बोलायचे ते? ते तरी खरं?"

"सगळं खरं. फक्त काळ खोटा."

तिला ते कळलं की नाही, माहीत नाही. पुढच्या दाराने गेली. जाताना फोटोसमोर थांबली, हाराकडे बघितलं, डोक्यावरची ओढणी सारखी केली. देवमाणूस वगैरे काही म्हणाली नाही.

मागं येऊन बघते तर पान फस्त. कावळा की समोरच्यांचं मांजर, कोण जाणे. आम्ही दोघी तिथं होतो तेव्हा दोघींपैकी कोणी बघितलं नाही. वडे होते तेवढे गेले, कारल्याची भाजी तशीच. कारलं ह्यांनाही कधी आवडलं नाही.

बाटली पायरीवर राहिली. ठेवून गेली की विसरून, कळत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

नसीमाचा फोन नाही. माझाही नाही.

विसरलेली वस्तू परत द्यायची की ठेवून घ्यायची, ह्याचा नियम ह्यांना पाठ होता. आधी डेपोत जमा, मग वाट बघायची. बाटली फोटोखाली टेबलावर ठेवली आहे.

सु.ला काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "आई, ट्रिपमुळे तुझा आवाज बरा वाटतोय." बरं, म्हटलं.

गळ चालूच आहे. वाकवत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. गावभर वड्यांचा वास. मी काही केलं नाही, वरणभात.

संध्याकाळी गुडघा फार ठणकला. माझा. धबधब्याची पायवाट अजून भोवतेय. बाटली उघडली, थोडं तेल लावलं. कापराचा उग्र वास, हात दोनदा धुतला तरी जाईना. डेपोतलं सामान वापरलं म्हणून हे रागावले असते.

रागावले असते. नीट लिहिलं ह्यावेळी.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घट बसले. सकाळी मंदारचा फोन. महाडची सहल काढतोय, चवदार तळं, गडाचा पायथा, वाटेत एक धबधबा, पाणी आटायच्या आत. "किती सीट, काकू? काका येतील ना ह्यावेळी?"

"काका नाहीत, मंदार. ते गेले. गेल्या वर्षीच."

"सॉरी काकू. त्या दिवशी मला वाटलं... मग एक लिहू?"

एक. बरोबर आकडा तोच. हो म्हणायचं होतं.

"थांब जरा," म्हटलं. "विचारून सांगते."

संसारभर हेच वाक्य बोलत आले. भाजीवाल्याला, विम्यावाल्याला, लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेल्यांना. तेव्हा विचारायचं म्हणजे आतल्या खोलीत दोन पावलं टाकायची. आणि ते काय म्हणणार तेही ठाऊक असायचं.

आता बोर्लीला फोन लावायचा आहे आणि ती काय म्हणेल ते अजिबात ठाऊक नाही. बाटलीचं निमित्त आहे. विसरली असली तर घ्यायला येईल. ठेवून गेली असली तर तसं सांगेल.

मंदारला उद्यापर्यंत कळवायचंय. चष्मा लावून नंबर काढून ठेवला. वेचलेली सुपारी आधी पसरून येते, ऊन आलंय तोवर.