मुकाबला न केलेली नक्कल

अण्णा, गेल्या रविवारी सकाळी मी तुमचा कॉम्प्युटर बंद पाडला. त्याच्याबरोबर तुमचा जुन्या दफ्तरांतल्या शब्दांचा कोशही गेला असं मला साडेतीन तास वाटत होतं, आणि त्या साडेतीन तासांबद्दल कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. तरी घरात काही बिघडलं की आधी तुम्हाला सांगायचं, ही सवय अजून सुटलेली नाही. पंचावन्न वर्षांच्या बाईला शोभत नाही हे मला कळतं.

सुरुवात आईच्या डोळ्यांपासून झाली. तिला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. हिमायतनगरहून ऑटोनं परत येताना, मलकपेठला घराच्या गल्लीत वळल्यावर ती म्हणाली, "ह्यांचा कोश मला कागदावर बघायचाय. पडद्यावर नक्को. जल्दी कर, तुझ्या 'बघू'वर माझा भरोसा नाही राहिला." मी दुसऱ्याच दिवशी प्रिंटर आणला, तर तुमचा कॉम्प्युटर त्याला ओळखच दाखवेना. तुमचा कॉम्प्युटर ज्यावर चालतो त्या लिनक्सची नवी आवृत्ती नव्या प्रिंटरला हवी होती. तुम्ही होतात तोवर प्रत्येक आवृत्ती तुम्ही स्वतः चढवायचात. नंतर आमच्या कॉलेजच्या लॅबमधल्या मॅडमनी दोनतीनदा येऊन ते काम करून दिलं. अलीकडे दोन वर्षं 'नवी आवृत्ती आली आहे' अशी पाटी यायची आणि मी ती रोज 'नंतर' म्हणून बंद करायचे. या वेळी मॅडम वरंगळला लग्नाला निघाल्या होत्या. गरज पडली तर असू दे म्हणून त्यांनी नव्या आवृत्तीचा एक पेनड्राइव्ह दिला, आणि आधी सगळ्याची नक्कल करून ठेवा, असं दोनदा बजावलं.

नक्कल म्हटलं की मला तुमचं नामपल्लीचं ऑफिस आठवतं. मी नऊदहा वर्षांची, सुट्टीत तुमचा विसरलेला डबा घेऊन आलेली. लांबलचक खोली, छतापर्यंत रचलेले कागदांचे बस्ते, आणि खिडकीपाशी तुम्ही. निजामाच्या काळातल्या उर्दू कागदाची नक्कल तुमच्यापुढे आहे, समोर बसलेले कारकून मूळ कागदावर बोट ठेवून मोठ्यानं वाचतायत, आणि तुम्ही एकेका शब्दापाशी पेन्सिलीचा ठिपका देताय. याला मुकाबला म्हणतात, तुम्ही मला सांगता. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बघायचं, आणि मगच खाली 'मुकाबला केला' लिहून सही. मुकाबला झाला की कच्चा मसुदा फाडून टाकायचा, नाहीतर पुढे खरं कुठलं ते कळत नाही. रिटायर झाल्यावर तुम्ही घरी हेच केलंत. चाळीस वर्षांत टिपलेले दफ्तरातले शब्द, प्रत्येकाची एक चिठ्ठी. तुम्ही टाइप करायचात, संध्याकाळी आई चिठ्ठीवरचं मराठी वाचायची, तुम्ही पडद्यावर बघायचात, आणि मग चिठ्ठीचे चार तुकडे. म्हणून कोश कॉम्प्युटरमध्येच होता, दुसरा कुठेही नव्हता. लिनक्स तुम्हाला आवडायचं ते मराठी आणि उर्दू दोन्ही निमूट लिहू देतं म्हणून, आणि त्याहून जास्त, काय करतंय ते एकेक ओळ लिहून दाखवतं म्हणून. अपग्रेड चालू असताना तुम्ही चष्मा लावून त्या पळत्या ओळी वाचत बसायचात आणि मी तुम्हाला हसायचे.

मुकाबल्यावरूनच तुम्ही मला आयुष्यात एकदा खरं रागावलात. मी एकोणीस वर्षांची होते. परभणीकडच्या कुणा वकिलांचं भाषांतर होतं, मराठी प्रत मी काढली होती, सिनेमाला जायची घाई होती, आणि कुणाकडूनही वाचून न घेता मी खाली 'मुकाबला केला' लिहून मोकळी झाले. तुम्ही रात्रीच्या जेवणाआधी ती प्रत स्वयंपाकघरात आणलीत. आई पोळ्या लाटत होती. एक आख्खी ओळ गळली होती, त्यात एका बाईच्या हिश्शाची जमीन होती. तुम्ही आवाज चढवला नाही. "ओळ गळते. माझ्याही गळल्यात," तुम्ही म्हणालात. "न बघता 'बघितलं' लिहिलंस. हे मी माझ्या ऑफिसातल्या माणसाला माफ केलं नसतं." आणि माझ्याबरोबर जेवायला न बसता बाहेर निघून गेलात. तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता, हेही सांगून टाकते.

तरी शेवटी कोश तुम्ही माझ्याच हवाली केलात. दवाखान्यात, नाकात नळी असताना. 'व'पर्यंत झालंय, श, स, ह राहिलेत, चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात आहेत, तेवढं तू पूर्ण कर. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मला छापील उर्दू वाचता येते, ती तुम्हीच शिकवलीत, पण तुमचं ते घाईचं उर्दू हस्ताक्षर लागत नाही. पहिल्या वर्षी मी दोनदा डबा उघडला आणि दोनदा बंद केला. मग नोकरी, मग तुमच्या जावयांचं आजारपण, मग नुसताच आळस. आई दर दिवाळीला विचारायची. मी 'बघू' म्हणायचे.

रविवारी सकाळी नऊला मी बसले. आईनं अंघोळ करून ठेवणीतलं पातळ नेसलं होतं आणि कागदांचं रीम मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती. मी पडद्यावरचं 'कोश' नावाचं फोल्डर माझ्या एका पेनड्राइव्हवर ओढून टाकलं. क्षणात गेलं. इतक्या लवकर कसं गेलं असा प्रश्नही मला पडला नाही. अपग्रेड सुरू केलं. तासाभरानं ती निळी पट्टी थांबली. दहा मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस. आईनं तीनदा विचारलं, झालं का गं. माझं डोकं फिरलं आणि मी बटण दाबून धरलं. परत चालू केलं तर काळा पडदा, वर डाव्या कोपऱ्यात एक लुकलुकणारी रेघ, बस. मॅडमनी नंतर सांगितलं की तो थांबला नव्हता, माझ्या उत्तराची वाट बघत होता. जुनी मांडणी ठेवू की नवी घेऊ, असा साधा प्रश्न होता. तो दिसायला खालची एक खिडकी उघडावी लागते. तुम्ही ती सगळ्यात आधी उघडायचात.

तोपर्यंत मी तशी निर्धास्त होते, नक्कल होती ना. माझा लॅपटॉप काढला, पेनड्राइव्ह लावला. 'अ' पासून 'व' पर्यंत सगळी नावं ओळीनं होती आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक छोटा बाण. उघडेनात. ते शॉर्टकट होते अण्णा, फायली नव्हत्याच. तुमचा हात थरथरायला लागल्यावर तुम्हाला शोधायला त्रास नको म्हणून ते शॉर्टकट मीच करून दिले होते, आणि मीच विसरले. नक्कल म्हणून मी नुसत्या पाट्या उचलून आणल्या होत्या. एकदा एक फाइल उघडून बघितली असती तर कळलं असतं.

मॅडमचा फोन लागत नव्हता. आईला मी सांगितलं, चाललंय, वेळ लागतो. ती म्हणाली, लागू दे, मी कुठं जातेय. मी स्वयंपाकघरात जाऊन भेंडी चिरली, वरण लावलं, तिला वाढलं. रीम मांडीवरून खाली ठेवायला ती तयार नव्हती, तशीच जेवली. दोन वाजता मॅडमचा फोन आला. मागे सनई वाजत होती. त्या तेलुगू वळणाच्या हिंदीत शांतपणे म्हणाल्या, सिस्टीम अर्धवट चढलीय, तुमचे कागद त्यांच्या जागेवर असणार, मी दिलेल्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा. पण पहिल्याच पडद्यावर दोन पर्याय येतील, एक नुसतं चालवून बघण्याचा आणि एक नव्यानं बसवण्याचा. दुसरा निवडलात तर उरलंसुरलं पुसलं जाईल.

तेव्हा मात्र मला आईला सांगावं लागलं. ते बटण एकटीनं दाबायची माझी तयारी नव्हती. ती खुर्ची ओढत माझ्या शेजारी आली आणि म्हणाली, "वाच. मोठ्यानं वाच, मी ऐकते. मी हौ म्हटल्याबिगर हात नको लावू." मी एकेक ओळ इंग्रजी वाचून तिला मराठीत सांगितली. काय पुसणार ते दोनदा वाचायला लावलं तिनं. मग म्हणाली, हौ, दाब. पडदा उजळला. तुमच्या नावाच्या फोल्डरात सगळं होतं, तुम्ही ठेवलं होतं तसं. पेनड्राइव्हवरच्या नव्या आवृत्तीनं प्रिंटरही लगेच ओळखला. पहिलं पान आईनं डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरलं आणि एकेक शब्द करत वाचत गेली. मग एके ठिकाणी थांबून मोठ्यानं वाचलं: 'अमानत: दुसऱ्याची वस्तू, परत मागेपर्यंत आपल्यापाशी ठेवलेली.' मला रडू फुटलं. लहान पोरीसारखी हुंदके देत रडले. आईनं माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "शुकर आहे देवाचा. मिळालं ना सगळं? आता कशाला रडतीस."

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही आणि आईला वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. ते बाण पहिल्यांदा दिसले ना अण्णा, तेव्हा भीती नंतर आली. आधी मला हायसं वाटलं. वाटलं, संपलं, आता श, स, ह माझ्याकडे कुणी मागणार नाही. भेंडी चिरताना मी गुणगुणत होते. आणि मग पडदा उजळला, सगळं परत आलं, म्हणून मी रडले. आईला वाटलं, मी आनंदानं रडतेय. मी तिला तसंच वाटू दिलं.