फळ्या वाळल्या

सूनबाई,

पहिल्या फळ्या तडकल्या, त्यात तुझा दोष नव्हता. लवकर वाळाव्यात म्हणून तू कामावर गेलीस की मीच त्या उन्हात टाकायचे. झालं, बोलले. पुन्हा विषय काढू नकोस.

ह्या खेपेच्या फळ्या वर्षभर माझ्या खाटेखाली सावलीतच आहेत. त्यातली एक मी दर रविवारी तराजूवर ठेवते. चार रविवार झाले, वजन गुंजभरही उतरलं नाही. म्हणजे लाकूड वाळलं गं! चीरसुद्धा नाही कुठे, हात फिरवून बघ.

आजच टेबल करायला घे. “बाईमाणसाला रंधा झेपत नाही” म्हणाली होती ना माझी बहीण? तिलाच जेवायला बोलवायला चाललेय. पुढच्या महिन्यात, तुझ्या टेबलावर. रंध्याला धार लावून आणलीये. माझं नाक राख.

आई