‘मोहोरबंद’ बघणाऱ्यांची मतं आणि माझ्याविरुद्धचा कट

२ जून, सोमवार

थंडी. आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा. संकल्प: आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात, आणि पुराव्यानिशी.

मोठी बातमी. क्लॅरी ओगल अध्यक्षपद सोडतोय. पोर्ट हॅल्डेन चित्रपट मंडळाचा अध्यक्ष म्हणजे पडद्यापुढे उभं राहून सिनेमाची ओळख करून देणारा माणूस, आणि क्लॅरीच्या खुब्याला आता उभं राहणं झेपत नाही. जुलैअखेर वार्षिक सभा. मी कित्येक वर्षांचा उपाध्यक्ष. म्हणजे प्रश्नच मिटला.

अडथळा एकच. बेव्हर्ली ट्रँटर. शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धं गाव तिच्या हाताखालून गेलंय, त्यामुळे ती बोलायला लागली की लोक आपोआप पाठ सरळ करून बसतात. हिची सिनेमातली आवड काय, तर फ्रान्समध्ये कोणीतरी बटाटे सोलतंय. दोन तास.

पण जूनचा सिनेमा निवडायची पाळी माझी. मी ‘मोहोरबंद’ निवडला. अमेरिकन. कोर्टातला कट, तरुण वकीलबाई, मेलेला साक्षीदार जिवंत, औषध कंपनी, वरपर्यंत पोचलेले हात. या विषयावर गावात बोलायचा अधिकार कोणाला असेल तर तो मला. उभी हयात वकिलाच्या ऑफिसात गेली आहे. घरांची खरेदीखतं, पण शेवटी कायदाच तो. शिवाय एकदा ज्युरीत होतो. आरोपीने जेवणाच्या सुट्टीआधीच गुन्हा कबूल केला, ती गोष्ट वेगळी.

लोकांना सिनेमा आवडला की मी अध्यक्ष. हे सगळं बायकोला, कोरलला, समजावून सांगितलं. ती म्हणाली, बरं, आणि कोंबड्यांना दाणे घातलेस का? घातले नव्हते.

११ जून, बुधवार

अभ्यास म्हणून ‘मोहोरबंद’ घरी पाहिला. कोरलही बसली होती, विणत. सिनेमा संपल्यावर त्या वकीलबाईबद्दल काहीतरी म्हणायला लागली. मी टिपणं काढत होतो, नीट ऐकलं नाही. सवडीने विचारीन.

ओळखीचं भाषण तयार. पाऊण तास भरतं. संकल्प: कापून पाच मिनिटांवर आणायचं.

१७ जून, मंगळवार

कापलं. आता तासभर झालं. कापताना नवे मुद्दे सुचतात, त्याला माझा इलाज नाही.

कोरल म्हणाली, लोक काकडत बसलेले असतात रे, दोन वाक्यं बोल आणि दिवे घालव. अध्यक्षाच्या पत्नीला साजेशी दृष्टी यायला वेळ लागणार.

२१ जून, शनिवार

काल रात्री अभूतपूर्व यश! टाऊन हॉल भरलेला. सगळे नेहमीप्रमाणे ब्लँकेटं, थर्मास आणि गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन हजर. भाषण आटोपशीर झालं. मधूनच दोघं उठून गेली, गाडीचे दिवे चालू राहिले असणार. परत आली नाहीत. दिव्यांचं काम किचकट असतं.

दोन मुद्दे ठासून मांडले. एक, त्या सिनेमातला न्यायाधीश सारखा लाकडी हातोडा आपटतो. आपल्याकडे न्यायाधीशाला हातोडा नसतोच. तेव्हा हातोडा दिसला की समजावं, आपल्याला बनवताहेत. दोन, कटाच्या मुळाशी कोण आहे हे मी अर्थातच फोडलं नाही. तेवढं तारतम्य मला आहे. एवढंच म्हणालो, की पहिल्याच प्रसंगात कुत्र्याला बिस्किट घालणाऱ्या त्या प्रेमळ म्हाताऱ्यावर नजर ठेवा.

परिणाम बघून मी स्वतःच थक्क. कुत्रा दिसताच अख्खा हॉल एका सुरात ओरडला, हाच तो! हातोडा आपटला की हशा. पुढे पुढे तर न्यायाधीशाने हात नुसता उचलला तरी लोक हसत होते. साक्षीदार जिवंत परत येतो त्या नाजूक जागी केल डॉबी खाटकाने मागून विचारलं, पुढचं सगळं कळलेलंच आहे तर चहा आत्ताच मांडायचा का? प्रेक्षकांचा असा सहभाग या हॉलने आजवर पाहिलेला नाही.

जाताना दाराशी प्रत्येकाला चिठ्ठी मिळते. एकपासून पाचपर्यंत आकडे. आपल्या मताच्या आकड्याशी कागद फाडायचा आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. निकाल उद्या. कोणता कोट घालावा ते ठरवलं पाहिजे.

२२ जून, रविवार

निकाल लागला. ‘मोहोरबंद’ या हंगामातला सगळ्यात तळाचा सिनेमा. बेव्हर्लीच्या बटाट्यांच्याही खाली.

अशक्य. हसत होते की सगळे!

परवा डबा कोणाच्या हातात होता? बेव्हर्लीच्या.

लगेच क्लॅरीला फोन केला. फेरमोजणी मागितली. तो म्हणाला, नेव्हिल, चिठ्ठ्या मी शेगडीत घातल्या, गारठा किती होता. पुरावा नष्ट! सिनेमातही हेच होतं. फक्त तिथली शेगडी मोठी होती.

२४ जून, मंगळवार

स्वतंत्र चौकशी सुरू. लोकांची मतं आता थेट त्यांच्या तोंडून घ्यायची.

पहिला साक्षीदार केल. म्हणाला, वकीलबाईचा कोट झकास होता, बायकोला तसला कुठे मिळेल? मी म्हणालो, कोट राहू दे, सिनेमाचं सांग. त्याने सुरी पुसली आणि म्हणाला, वेगळा होता. आमच्या गावात ‘वाईट नाही’ ही शिफारस असते. ‘बरा होता’ म्हणजे झोप लागली. आणि ‘वेगळा होता’ म्हणजे पुन्हा असलं आणलंस तर बघ. केलसारखा माणूस आपणहून इतकं कडक बोलणार नाही. त्याला कोणीतरी पढवलंय. शिवाय निघताना दोन चॉप फुकट घातले. मन खात असणार.

दुसरी साक्षीदार खुद्द बेव्हर्ली. लायब्ररीत गाठलं. म्हणाली, नेव्हिल, मला कटाच्या गोष्टी फार आवडतात, पण कट मला शोधू दे ना रे बाबा, तू आधीच उकलून हातात ठेवलास. आणि गोड हसली. मुख्याध्यापिका विनाकारण हसत नसतात.

३ जुलै, गुरुवार

केलच्या दुकानात शिरलो तर तो आणि बेव्हर्ली काउंटरवर वाकून कुजबुजताहेत. मला बघताच दोघं गप्प. केल म्हणाला, ये मित्रा, काय देऊ? हा ‘मित्रा’ मी चांगला ओळखतो, काहीतरी लपवायचं असलं की निघतो.

घरी आल्यावर सांगितलं. कोरल म्हणाली, अरे, सभेनंतरच्या चहाला सॉसेज रोल किती लागतील ते ठरवत असतील. कोरल भोळी आहे. मी म्हणालो, त्या वकीलबाईलाही सगळे असंच वेड्यात काढत होते. तर ती सुया खाली ठेवून म्हणाली, हो ना, आणि मला तिच्याबद्दल तेच सांगायचंय कधीपासून, ती जेव्हा घरी येते ना... तेवढ्यात फोन वाजला. चुकीचा नंबर.

की पाळत?

१२ जुलै, शनिवार

संकल्प: पाळतीला उत्तर पाळतीने.

बंदरावरून बेव्हर्लीच्या मागे सुरक्षित अंतर ठेवून चाललो. वळणावर ती एकदम थांबली, मागे न बघताच म्हणाली, नेव्हिल, आलाच आहेस तर ही पिशवी धर. धरली. टेकडीवरच्या तिच्या घरापर्यंत न्यावी लागली. दम लागला, पण पिशवीत काय आहे ते बघता आलं. बटाटे.

नोंद करून ठेवतो. याचा अर्थ अजून लागायचा आहे.

१९ जुलै, शनिवार

सापडलं! दाढी करताना सापडलं.

आमच्याकडच्या सभांची रीत. पदासाठी नावं मागितली की सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागतात. कोणी नाक खाजवायलाही हात वर करत नाही, कारण ज्याचा हात वर त्याच्या गळ्यात काम. आणि जो सभेला आलाच नाही, त्याच्या गळ्यात सगळ्यात मोठं काम. क्लॅरी अध्यक्ष कसा झाला? त्या दिवशी तो लॉन्सेस्टनला बहिणीकडे गेला होता. परत आला तो अध्यक्ष होऊन. कायद्याच्या भाषेत हा सरळसरळ पूर्वनिर्णय.

तेव्हा मी सभेला जाणार नाही. बेव्हर्ली आणि केल समोर बसून वाट बघणार मी हात वर करायची, आणि मी घरी! कोरलला पाठवतो. तिने फक्त एवढं म्हणायचं, नेव्हिलला यायला जमलं नाही. बाकीचं काम रीत करेल. कोणाला शंका यायला नको म्हणून तिने गरज पडली तर नाखुशीने माझं नाव घ्यावं. नाखुशीने कसं घ्यायचं ते शिकवायला लागलो तर म्हणाली, ते मला जमेल.

२७ जुलै, रविवार, दुपार

कोरल सभेला गेली. मी घरी. इस्त्रीचा शर्ट, टाय, बूट. निवड झाल्यावर इथे येतील, तेव्हा पायजम्यात सापडायला नको. स्वीकाराचं भाषण तयार आहे. नम्र ठेवलंय. सुरुवात अशी, की हे मला सर्वस्वी अनपेक्षित आहे.

विरोधकांना माफ करायचं ठरवलं आहे. बेव्हर्लीला वर्षाकाठी एक बटाट्यांचा सिनेमा देईन.

कोंबड्यांना दाणे घातले. आजपासून सगळंच वेळेवर करायचं.

२७ जुलै, रविवार, संध्याकाळ

कोरल आली. एकटीच. मी उठलो, टाय नीट केला. ती म्हणाली, आधी बस.

नवी अध्यक्ष कोरल.

कसं झालं ते तिने सांगितलं तसं लिहितो. क्लॅरीने नावं मागितली. सगळे बुटांकडे. ही ठरल्याप्रमाणे नाखुशीने तोंड उघडणार, तेवढ्यात बेव्हर्ली म्हणाली, अगं कोरल, ‘मोहोरबंद’वर गावात सगळ्यांची मतं विचारून झाली, तुला कोणी विचारलं का? ही म्हणाली, नाही. मग सांग, बेव्हर्ली म्हणाली. हिने सांगितलं. म्हणे, मला त्यातला कट फारसा आठवतच नाही. आठवतं ते एवढंच, की ती मुलगी रोज घरी येते, तिला काहीतरी मोठं सापडलेलं असतं, सांगायला नुसती आसुसलेली असते, आणि घरातला माणूस मान वर न करता विचारतो, जेवायला काय आहे? तिथे मला रडू आलं.

मग केल म्हणाला, च्यायला, हे पडद्यापुढे उभं राहून कोणी आधी सांगितलं असतं तर मी नीट बघितला असता की तो सिनेमा. बेव्हर्लीने नाव सुचवलं, केलने अनुमोदन दिलं, झालं.

मी विचारलं, तुला रडू कधी आलं? म्हणाली, जूनमध्ये, इथेच. तू टिपणं काढत होतास. मी त्याच खोलीत होतो, हातभर अंतरावर. वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. तसं तिला म्हणायला हवं होतं, पण मी विचारलं, माझं नाव घेतलंस का? म्हणाली, घेतलं ना. गैरहजर म्हणून चहाचं पाणी तापवायचं काम तुझ्याकडे आलंय. ते भांडं तापायला फार वेळ घेतं, तेव्हा सिनेमाच्या दिवशी तू लवकर जायचं आणि स्वयंपाकघरातच थांबायचं. आतून भाषण ऐकू येत नाही. तशीही मी दोनच वाक्यं बोलणार आहे.

पण निदान कट तर सिद्ध झाला. बेव्हर्ली सुचवते काय, केल अनुमोदन देतो काय! मी तिला म्हणालो, आता सगळं झालंच आहे तर लपवू नकोस, ते दोघं इतके दिवस तुझ्यापाशी माझ्याबद्दल काय काय बोलत होते ते स्वच्छ सांग, मी ऐकायला तयार आहे. कोरल खोटं बोलत नाही. तिने डोळे मिटून नीट आठवून बघितलं.

म्हणाली, तुझ्याबद्दल? नाही रे. तुझा विषय कधी निघालाच नाही.

टाय सोडला. कट असता तर बरं झालं असतं.