राशीवरचा छाप

शुक्र., ११ मार्च १९५५. ठाणे

प्रयोगशाळेत तपासायला बाटली क्र. ४१ आली. खाडीकाठच्या मिठागरांच्या गावातून. तिवरांत दारूची भट्टी होती. दारूबंदीला पाच वर्षं झाली, पोलीस तिथे चिखलात कधी उतरले नाहीत. परवा गावच्या बायका उतरल्या. भरलेला डबा धरला. हवालदार मागून आला, तोही पितळी मोहर चौकीवर विसरून. मग बायकांनी डब्यातून भरलेल्या बाटलीच्या लाखेवर मिठाच्या राशीवरचा लाकडी छाप दाबला. छाप हातभर लांब, म्हणून त्याचा नुसता कोपरा उमटलाय. रास चोरली तर छाप मोडतो, लगेच कळतं. त्यांच्या लेखी याहून पक्की मोहर नाही.

लाखेला साधा तडाही नाही.

मंगळ., १५ मार्च

४१ मध्ये मिथिल. लाकडी स्पिरिट. दोनदा करून पाहिलं. पेलाभर पुरे. माणूस वाचला तर डोळे जातील.

अहवालाच्या फॉर्मवर मोहरेचे दोन रकाने. मोहर शाबूत आहे का – होय. मोहर पोलिसांनी पाठवलेल्या ठशाशी जुळते का – नाही. दोन्ही खरं. सही केली.

रवि., २० मार्च

टेंभी नाक्यावर दारूबंदीची सभा. दादाला घेऊन गेले. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, ड्राफ्ट्समन. कॉलेजात माझ्या जर्नलमधल्या आकृत्या त्यानेच काढलेल्या. जानेवारीत नोकरी गेली. आई दारू हा शब्द उच्चारत नाही, ‘बाहेर गेलाय’ म्हणते.

व्यासपीठावर पाहुण्यांना हार घातला तो शे.ने. पूर्ण नाव इथेही लिहीत नाही. तिवरांतल्या भट्ट्या त्याच्या, हे खाडीकाठी सगळ्यांना माहीत. तो तालुक्याच्या दारूबंदी समितीवर आहे.

सगळ्यांनी हात वर करून शपथ घेतली. दादाचा हात सगळ्यांत शेवटी खाली आला.

परतताना म्हणाला, ‘नलू, या वेळी खरंच.’

किती दिवस, मी विचारलं. हसला. विचारायला नको होतं.

सोम., ११ एप्रिल

४१ चा खटला निकालात. शे.चा माणूस सुटला. कारण: मोहर जुळत नाही.

दुपारी प्रयोगशाळेच्या फाटकाशी एक बाई उभी. हिराबाई, त्या बायकांची पुढारी. मिठागरात काम करते. पायांना मिठाने भेगा पडलेल्या. भांडायला आली असेल असं वाटलं. भांडली नाही.

‘बाय, लाख फुटली व्हती का?’

‘नाही.’

‘आत इख व्हता का?’

‘होतं.’

‘मंग तुमी नाय कशाला लिवला?’

नियम समजावला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाली, तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून त्या छापाला कुणी हात लावलेला नाही. मग गेली.

मी लिहिलं ते बरोबरच होतं. आजही तेच लिहीन.

गुरु., ५ मे

सकाळी दहा. दादा म्हणाला, ‘खिडकी का लावलीस गं?’

खिडकी सताड उघडी होती. ऊन त्याच्या तोंडावर.

टांग्यातून इस्पितळात. डॉक्टरांनी विचारायच्या आत मीच सांगितलं, मिथिल. त्यांनी विचारलं, तुम्हाला कसं कळलं.

दादा म्हणाला, खाडीवरचीच. फक्त दोन दिवस घेतली.

शपथेला सेहेचाळीस दिवस झाले. त्यातले चव्वेचाळीस त्याने पाळले.

शनि., १४ मे

दादा घरी. डॉक्टर म्हणतात, उजव्या डोळ्याचं अजून सांगता येत नाही. डाव्याचं सांगता येतं.

आई त्याला भरवायला बसली तर त्याने ताट ओढून घेतलं. मग वितीने टेबल मोजत राहिला. ‘तीन फूट चार इंच.’ तो झोपल्यावर मी टेप लावली. तीन फूट चार.

स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

बुध., १ जून

हिराबाई घरी आली. दादाचं तिला कळलं होतं. बाजेशी बसली, त्याच्या कपाळावरून हात फिरवला. तिच्याकडे सुक्या बोंबलांची पुडी होती. आमच्या घरात चालत नाहीत. आईने ठेवून घेतली.

जाताना मला दाराशी घेऊन सांगितलं: परवा पुन्हा डबा धरला. या वेळी फौजदार हजर, पितळी मोहर हजर. पण बूच लावायच्या आधी तिने बाटलीत मूठभर मीठ सोडलं. कुणी पाहिलं नाही.

‘मोहर त्यांची, मीठ आमचा.’

म्हटलं, हिराबाई, हे मला सांगायला नको होतं. साक्षीदाराने तपासणाऱ्याशी बोलायचं नसतं.

‘मंग कोनाला सांगू?’

सोम., ६ जून

बाटली क्र. ६७. हिराबाईच्या गावातून. लाख शाबूत. मोहर ठशाशी रेघेला रेघ जुळते. इतकी स्वच्छ मोहर वर्षभरात पाहिली नव्हती.

आत पाणी.

सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. मीठ असेल तर दुधासारखं पांढरं होतं. जरासं धुकं आलं, आमच्या नळाच्या पाण्याला येतं तेवढंच. तीनदा केलं. हिराबाईची बाटली ही नव्हे. वाटेत कुणीतरी ओतली आणि पुन्हा मोहर केली. ती मोहर ज्यांच्याकडे असते त्यांनीच.

मीठ आहे का, हे फॉर्म विचारत नाही. नुसतं ‘पाणी’ लिहिलं तर खरंच लिहिलं असं होईल आणि शे. सुटेल. मीठ नाही म्हणून लिहिलं तर का शोधलंत हे विचारतील. मग हिराबाईचं नाव सांगावं लागेल. पुराव्यात हात घातला म्हणून आधी तिलाच धरतील. माझी नोकरी जाईल. घरात आता दुसरी नाही.

फॉर्म घरी आणला. आजवर कधी आणला नव्हता. संध्याकाळी दादाला सगळं वाचून दाखवलं. क्रमांक, मोहर, मीठ, सगळं. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता.

‘शेऱ्याला जागा किती आहे?’

पट्टी लावली. ‘पावणेचार इंच.’

‘रेघा?’

‘दोन.’

‘माझ्या अक्षरात बसलं असतं,’ म्हणाला. ‘तू बारीक काढ.’

आई दिवा लावून गेली. त्याने मान दिव्याकडे वळवली. उजेडाने की काडीच्या आवाजाने, कळलं नाही. विचारलं नाही.

दौत भरली आहे. सकाळी दहाला फॉर्म द्यायचा. पहिल्या रेघेवर एवढंच लिहून झालंय: ‘नमुन्यात मीठ’