वळणाच्या बाहेरचा ओटा

तांडा, दारव्हा तालुका
४ डिसेंबर २००६

चि. खेमसिंग यास,
जय सेवालाल. थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. गाड्यांच्या शर्यतीसाठी अशी वळणं काढायची, की चालवणाऱ्याला धडकी भरावी पण तो मरू नये, आणि त्याचा तुला पगार मिळतो, हे मी शेजारच्या मानीबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, वळण काढताच काहून, सरळ जाऊ द्या ना लेकरांना.

आपल्याकडे मरायचं वळण तयारच आहे. बाभळीपाशी ट्रकखाली तुझे भाऊजी गेले, तिथे तांड्याने त्यांच्या नावाचा सिमेंटचा ओटा बांधला. आता घसरलेली प्रत्येक मोटरसायकल नेमकी त्या ओट्यावर आपटते. सरपंच रूपसिंगचं म्हणणं, उत्तमसिंग माणसं बोलावून राह्यला, बोकड द्या. या माणसाने जिवंतपणी कोणाला जेवायलाही दुसऱ्यांदा बोलावलं नाही. पण माझी अंजू यंदापासून त्याच रस्त्याने सायकलवर शाळेत जाते. ती परतेपर्यंत मी दारातून हलत नाही. काहीतरी सांग.

तुझी,
रामीबाई

पुणे
१२ डिसेंबर

ती. बाईस,
धाकट्या खेमसिंगचा नमस्कार वि. वि.

बोकड वाचवा. घसरलेली गाडी वळणाच्या बाहेरच्या अंगाला जाते. म्हणून आम्ही तिथे काही बांधत नाही. भुसभुशीत वाळू पसरतो, तिच्यामागे जुन्या टायरांची भिंत लावतो. आमचे साहेब म्हणतात, वळणाने आतल्या अंगाने भीती घालावी, बाहेरच्या अंगाने माफी द्यावी. तुम्ही माफीच्या जागी भाऊजींना बसवलं आहे. ओटा आत घ्या. सोबत आकृती आहे.

माझंही एक वळण साहेबांनी अडवलं आहे. त्यात माफीच माफी आहे, भीती नाही, असं ते म्हणतात. मानीबाईला सांग, सरळ रस्त्यावर सगळेच शहाणे असतात.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
खेमसिंग

तांडा
३० जानेवारी २००७

चि. खेमसिंग यास,
जय सेवालाल. अनेक आशीर्वाद.

तुझी आकृती पंचांत उलटीसुलटी फिरली. रूपसिंगने विचारलं, माणूस बाहेर मेला, त्याला आत कसा बसवायचा. मी म्हटलं, जिवंत होता तेव्हा मी सांगेन तिथे बसायचा. ओट्यावर पहिली सब्बल मीच मारली. दुसरीला हात थांबला. तेवढ्यात रस्त्यावर अंजूच्या सायकलची घंटी वाजली. मग थांबले नाही.

ओटा आत गेला. बाहेरच्या अंगाला वाळू कुठली आणणार? जमीन नांगरून भुसभुशीत केली. मागे कवडी कापसाचा ढीग लावला. पावसात भिजलेला माल, नाहीतरी कोणी घेत नव्हतं. वाचलेला बोकड आता त्यावरच झोपतो. त्याला चुकवताना पहिला घसरला तो रूपसिंग. मिशीपर्यंत रुतला आणि असा पांढरा होऊन बाहेर आला की बायकोने विचारलं, हे म्हातारबुवा कोणत्या तांड्याचे. आता पोरं मुद्दाम पडतात. मागच्या आठवड्यात एक नवरदेव वरात थांबवून पडून गेला, शुभ असतं म्हणे. मी काठी घेऊन बसते, पण कोण ऐकतो.

परवा अंजू पडली. वेणीतला कापूस वेचत घरी आली आणि सगळ्यांसमोर वेणी खराब झाली म्हणून मलाच रागावली. मी दारातच बसले.

तुझं वळण पास झालं, नाव सुचव, असं कार्डात लिहिलंस. उत्तमसिंग ठेव. बैलगाड्यासुद्धा ज्याला मागे टाकून जायच्या तो माणूस. जोरात जाणारे त्याच्या नावाने बोटं मोडतील, तर मोडू देत. त्याला माझी सवय आहे.

लोभ बाहेरच्या अंगाने मोकळा ठेवावा.

तुझी,
रामीबाई