खोकला नव्हे, ठसका

२ जून
आजपासून नवं आयुष्य. जागतिक आरोग्यासाठी धाडसी कल्पनांना सीड ग्रँट, म्हणजे सुरुवातीचा निधी, मिळणार आहे. अर्ज दोन पानी. आधीचं संशोधन नको, नुसती कल्पना चालेल. ती माझ्याकडे आहे: मोबाइलसमोर खोकायचं, मोबाइल सांगेल टीबीची शंका आहे की नाही. पंधरा वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, आता जगाला शिकवेन. ग्रँट मिळाली की राजीनामा. प्राचार्यांना काय सुनवायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं. मध्येच ठसका लागला.

५ जून
रुग्णांचे खोकले इंटरनेटवर फुकट मिळाले. निरोगी माणसांचे गोळा करणं सुरू. गणिताचे सर लाजले, पण खोकले. लायब्ररीतल्या बाईंनी मला गप्प करायला घसा खाकरला, तोही टिपून घेतला. धाकटीने (वय आठ) हौसेने खोकून दाखवलं. बायको म्हणाली, तुमचा रात्रभर चालू असतो तो घ्या आधी. पिकतं तिथे विकत नाही.

११ जून
ॲप तयार. सगळे हिरवे, म्हणजे निरोगी. एकटा मी लाल. पुन्हा खोकलो. लाल. मोबाइल जुना आहे.

१२ जून
मेहुणा जेवायला. छातीचा डॉक्टर आहे. ॲपचं कौतुक राहिलं बाजूला, माझ्याकडेच बघत बसला. वजन उतरलंय म्हणाला, उद्याच थुंकी तपासा, एक्स-रे काढा. मी समजावलं की हा खोकला नाही, ठसका आहे.
“भाऊजी, ठसका दोन-दोन महिने टिकत नसतो.”
मत्सर, दुसरं काय. अर्ज तोंडावर असताना हात दाखवून अवलक्षण कशाला? वजनाचं म्हणाल तर व्यायाम न करता पोट गेलं, याला मनोनिग्रह म्हणतात.

१५ जून
मार्ग सापडला! माझे ढीगभर ठसके रेकॉर्ड केले, ‘निरोगी’ म्हणून ॲपला शिकवले. मराठीत खोकला वेगळा, ठसका वेगळा, खाकरणं वेगळं. परक्या खोकल्यांवर शिकलेल्या ॲपला ही श्रीमंती कुठून कळणार? आता मीही हिरवा. अर्जात ‘स्थानिक भाषेची जाण’ असा खास मुद्दा घातला.

२० जून
अर्ज रवाना. शेवटचा प्रश्न: तुमची पद्धत चुकते आहे हे तुम्हाला कसं कळेल? लिहिलं, प्रश्नच उद्भवत नाही.

९ जुलै
धाकटी खोकतेय. शाळेतून आणलं असणार. बायको म्हणाली, भावाकडे नेऊ. मी ॲपसमोर खोकायला लावलं. हिरवा. परत. हिरवा. धाकटीने टाळ्या वाजवल्या. बायकोला म्हटलं, पुरावा बघ. ती धाकटीला घेऊन आत गेली. पटलं असावं.

२८ जुलै
धाकटीला संध्याकाळचा ताप येतो. जेवत नाही. ॲप हिरवा. अजून थोडे दिवस बघू म्हणालो.

२९ जुलै
बायको मला न विचारता तिला दवाखान्यात घेऊन गेली. ग्रँटचा निकाल तोंडावर, आणि घरात हा अविश्वास.

३ ऑगस्ट
धाकटीला टीबी. मग मलाही तपासलं. मलाही. माझा आधीचा, तिला माझ्यामुळे. मेहुणा म्हणाला, सहा महिने गोळ्या नीट घेतल्या की बरी होईल. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. मला माझी लाज वाटते.

८ ऑगस्ट
ग्रँटवाल्यांचं उत्तर आलं. नाही. कल्पना धाडसी आहे म्हणतात, पण मी स्वतः तपासलेल्यांत टीबीचा एकही रुग्ण नाही.
बायकोला वाचून दाखवलं. ती धाकटीसाठी गोळ्या काढत होती. मान वर न करता म्हणाली, “आता दोन आहेत. कळवा त्यांना.”
धाकटीला गोळी नको होती. मोबाइल घेऊन आली, त्याच्यासमोर खोकली आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली.
“बाबा, हिरवा आलाय. मग गोळी कशाला?”
“तो चुकीचं सांगतोय, बाळा.”
“त्याला कोणी शिकवलं?”
गोळी घे म्हणालो.